'ये' म्हणण्याचं खोकं

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रुफिना सावेल्येवनांनी बत्तीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात रशियनचं इंग्रजी केलं. निवृत्त झाल्या, तरी खोड गेली नाही. रांगेत, बसमध्ये, जिन्यात काही कानावर पडलं की घरी येऊन चिठ्ठीवर उतरवायच्या: कोण, कुणाला, कुठे, हातात काय घेऊन म्हणालं. खाली त्याचं इंग्रजी. अशी बुटांची सतरा खोकी भरली होती. "शब्दकोशातलं क्रियापद म्हणजे सुकवलेली मासळी," त्या म्हणायच्या. "पोहताना बघायचं तर माणसांत जावं लागतं."

मार्चमध्ये मी त्यांच्याकडे कोबी भरलेला पाव घेऊन गेले होते, तेवढ्यात तळमजल्यावरचे ग्लेब निकानोरोविच आले. मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी एकवीस वर्षं अबोला धरला होता. ती गेल्या वर्षी वारली. आता कॅनडातून तिच्या मुलाचं, तिमोशाचं, पत्र आलं होतं, इंग्रजीत: ऑगस्टमध्ये येऊ का?

"लिहा," म्हातारबुवा म्हणाले. "यायचं तर ये. घर काही पळून जात नाही."

रुफिनांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही नळ दुरुस्त करणाऱ्याला म्हणता."

"मग तुम्ही गोड करा की. शिकलेल्या आहात."

"न बोललेलं मी लिहीत नाही. कारखान्यात डायरेक्टरसाहेबांचंही नाही लिहिलं." त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. "ही सगळी 'ये' म्हणणारी माणसं. तुमचं कुठलं, शोधा."

ते कुरकुरत चाळू लागले. डॉक्टर, नर्सला. सासू, सुनेला, दारातूनच. आणि एकाएकी हात थांबला. मी वाकून वाचलं: 'खालची न्यूरा, मुलीला, बसथांब्यावर, हातात खाऊची पुरचुंडी: कधीही ये, मी कडी लावत नाही.'

न्यूरा त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

"हेच लिहा," चिठ्ठी पुढे करत ते म्हणाले.

"हे तिचं झालं, ग्लेब निकानोरोविच."

"हो. ती लावायची नाही. तिची पाठ वळली की मी लावायचो." त्यांनी चिठ्ठी खोक्यात परत ठेवली. "लिहा. तिमोशा, ये. कडी काढून टाकतो."

रुफिनांनी ते एका दमात इंग्रजीत उतरवलं. मग एक कोरी चिठ्ठी घेतली: 'आजोबा, नातवाला, रिकाम्या हातांनी.'

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला उतरले, तर ते कडीच्या जागी दाराला पडलेली चार भोकं बुजवत बसले होते.

"रंग कुठला लावू?" त्यांनी विचारलं. "आजकालच्या पोरांना काय आवडतं?"