परवाची मोजणी

बाईंच्या भाषेत भूतकाळाला एकच शब्द होता, परवा. आज सकाळी सांडलेला चहा सोडला, तर जे काही होऊन गेलं ते सगळं परवा झालेलं असे. बाईंचं लग्न परवा झालं होतं, त्यांच्या आजोबांना हैदराबादेत सरकारी नोकरी लागली तीही परवाच, आणि चंद्रावर लाव्हा वाहिला तोही परवा. हैदराबादच्या बोलीत ‘परसों’ असाच ऐसपैस असतो आणि तिथल्या जुन्या मराठी घरांत तो मराठी होऊन नांदतो. साताऱ्याहून हैदराबादला निघताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले सहा महिने मी समजत होते की बाई विसराळू आहेत.

बाई चंद्रावरचे खड्डे मोजत. शास्त्रात त्यांना विवरं म्हणतात, बाई खड्डेच म्हणत. जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर दगड आदळून खड्डे जास्त, या साध्या नियमावर त्यांचं आयुष्य चाललं होतं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला लाव्ह्याचं एक मैदान आहे. त्याचे खड्डे त्या पंचवीसेक वर्षं मोजत होत्या आणि निवृत्तीआधी त्याचं वय ठरवून टाकायचं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. मला त्यांनी हाताखाली घेतलं ते त्यासाठी. संस्थेतला शिपाई त्यांना ‘गड्ढोंवाली मैडम’ म्हणे. एका रिक्षावाल्याने त्यांना काम काय करता विचारलं, तेव्हा बाईंनी खरं तेच सांगितलं, की गड्ढे गिनती मैं. त्याने दिलसुखनगरमधल्या एका गल्लीचं नाव सांगून तिथला खड्डाही घ्या म्हटलं. बाईंनी तो वहीत लिहून घेतला.

फोटो हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘उजेड कुठून?’ उजेडाची बाजू चुकली तर खड्डा टेकाडासारखा दिसतो आणि टेकाड खड्ड्यासारखं. ‘हल्लू मोज,’ त्या म्हणत, ‘चंद्र कुठं जातोय?’ मी पहिल्याच आठवड्यात, एका मंगळवारी, मैदानाच्या पूर्वेकडच्या तुकड्याची सरावाची मोजणी केली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली आणि म्हणाल्या, ‘अगं पोट्टी, सावल्या पण मोजल्यास की तू.’ त्यांचे खड्डे होते त्याच्या दुप्पट माझे भरले होते.

गुरुवारी त्यांनी सगळे आकडे एकत्र करायला मला दिले. पूर्वेचा तुकडा तेवढा वेगळ्या वहीत होता. ‘त्याला परवाची मोजणी लाव,’ म्हणाल्या. गुरुवारचा परवा म्हणजे मंगळवार. मला वाटलं, बाईंना माझी मोजणी शेवटी पटली. मी खूश होऊन तीच लावली.

मैदान शेजारच्या सगळ्या मैदानांपेक्षा कितीतरी म्हातारं निघालं. बाईंना नवल वाटलं. त्यांनी मला विचारलंही, ‘पूर्वेला परवाचीच मोजणी लावलीस ना?’ मी म्हणाले, ‘हो, परवाचीच.’ दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. काही महिन्यांनी लेख छापून आला. बाहेरच्या देशांतून अभिनंदनाची पत्रं आली. बाईंनी सगळ्या विभागाला उस्मानिया बिस्किटं वाटली आणि रिक्षावाल्याचा खड्डा बुजला का, तेही कुणाकडून तरी विचारून घेतलं. इतक्या आनंदात त्यांना मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मला बेगम बाजारात बडीशेप आणायला पाठवलं. ‘परवा एक नवं दुकान उघडलंय बघ, मशिदीच्या कोपऱ्यावर.’ मी तासभर नवं दुकान शोधलं. कोपऱ्यावर होतं ते एकच दुकान आणि त्याचे लाकडी खांब हात लागून काळे पडलेले होते. मी मालकाला विचारलं, परसों खुला सो दुकान कौनसा? ‘येइच है ना,’ तो म्हणाला. ‘परसोंइच तो खोले हमारे दादा.’ दादांचा, म्हणजे आजोबांचा, फोटो त्याच्या डोक्यावर भिंतीला होता. त्याला हार घातलेला होता.

बडीशेप घेऊन मी बसमध्ये बसले आणि कोठीचा स्टॉप येईपर्यंत बाईंचा एकेक परवा आठवत गेले.

बाई डबा खात होत्या. मी उभ्यानेच विचारलं, ‘बाई, पूर्वेच्या तुकड्याला तुम्ही कुठली मोजणी लावायला सांगितली होती?’

‘परवाची.’

‘म्हणजे कधीची?’

‘अगं, माझ्या सुमीच्या वेळी मला दिवस होते ना, तेव्हाची.’

ती सुमी आता नोकरीला लागली होती. मी म्हणाले, ‘मी मंगळवारची लावली.’

बाईंनी डबा झाकला. ‘ती सावल्यांची?’

मी मान हलवली आणि रडायला लागले. रडता रडता हेही म्हणाले, की त्या तुकड्याची मोजणी जगात आपल्या दोघींखेरीज कुणी केलेली नाही, कुणाला कळणार नाही. याची मला अजून लाज वाटते. बाईंनी मला पाणी दिलं. ‘नाही कळणार, हौ,’ म्हणाल्या. ‘मग इतकी वर्षं मोजायला कायकू बसले मी?’

लेख मागे घेण्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिलं. त्यात माझं नाव नव्हतं. ‘चूक माझी आहे, आमच्या घरच्या भाषेत भूतकाळाचा एक शब्द फार मोठा आहे आणि मी तो शास्त्राच्या कामात वापरला,’ असं बाईंनी लिहिलं होतं. संपादकाने ते जसंच्या तसं छापलं. खरी मोजणी लावल्यावर मैदानाचं वय शेजारच्या मैदानांइतकंच आलं, म्हणजे सगळ्यांना वाटत होतं तेवढंच. त्यावर नवा लेख होण्यासारखं काही उरलं नाही. दोन महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या.

जाताना त्यांनी आपल्या वह्या मला दिल्या. ते दोन महिने बसून त्यांनी वह्यांमधल्या प्रत्येक ‘परवा’पुढे कंसात खुलासा लिहिला होता. तारखा त्यांना आठवत नव्हत्या. ‘परवा (सासूबाई गेल्या ते वर्ष)’, ‘परवा (सुमीचे कान टोचले)’, ‘परवा (कोठीचं घर सोडलं)’. शेवटच्या नोंदीपुढे होतं, ‘परवा (साताऱ्याची पोर आली)’. मी त्या वह्या घेऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसून राहिले. असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

बाई आता नाहीत. त्यांच्या टेबलावर मी बसते, आणि त्यांचं मैदान मी एका मुलीला मोजायला दिलं आहे. ती लातूरची, नवीन आहे. तिने भिंतीवरचा बाईंचा फोटो पाहून विचारलं, ‘मॅडम, या कधी गेल्या?’

मी म्हणाले, ‘परवा.’

ती गडबडून उठली, हातातली मोजणी बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘मग आज त्यांच्या घरी भेटायला जायला हवं ना आपण?’ वर्षं मोजली तर सात होतात. पण ही दुरुस्ती मी कुठल्याही संपादकाला पाठवणार नाही. मी पर्स उचलली आणि म्हणाले, ‘हौ, चल.’