चार किलोची जागा

हेमालीची पहिली ज्युदो स्पर्धा वजनकाट्यावरच संपली. वय तेरा, गट चव्वेचाळीस किलोचा, ठिकाण पालघर. उद्या पोरींची वजनं करणार आहेत, एवढंच तिच्या आईच्या, चंद्रकांताच्या कानावर गेलं होतं. तारापूरच्या किनाऱ्यावर आयुष्यभर मासळी विकलेल्या बाईला जे कळायचं तेच तिला कळलं. जड मालाला भाव जास्त. तिने लेकीला दोन्ही वेळा बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या, सकाळी पुन्हा वाढल्या, आणि काट्यावर पोरगी आठशे ग्रॅम जास्त भरली. पंचांनी तिला मॅटवर पाय ठेवू न देता बाजूला बसवलं. जास्त भरली तर बक्षीस द्यायचं सोडून परत का पाठवली, असं चंद्रकांताने विचारलं. याचं उत्तर ज्युदोच्या नियमावलीत आहे, पण पटण्यासारखं नाही.

हेमालीने त्या दिवशी स्वतःची नियमावली केली. स्पर्धेआधी महिनाभर आईच्या हातचं खायचं नाही. हे कलम तिने पंधरा वर्षं पाळलं.

बोईसरला इंद्रजीत सरांचा वर्ग एका पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. सर कंपनीतली शिफ्ट संपवून येत आणि उरलेला आवाज मुलांवर खर्च करत. हेमालीत त्यांनी पहिल्याच दिवशी काही पाहिलं असेल तर ती पकड. समोरचीची बाही एकदा धरली की ती सुटत नसे. लहानपणापासून होडीचे ओले दोर ओढलेली बोटं होती ती. पुढे हेमालीही एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिथले कामगार तिला 'कराटेवाली दीदी' म्हणत. ज्युदो वेगळा, असं तिने दोन वर्षं सांगून पाहिलं आणि मग दीदी म्हणतात यावर समाधान मानलं.

जिल्ह्यात नऊ वेळा पहिली. राज्यात, सत्तावन्नच्या गटात, पाच वेळा दुसरी. पाचही वेळा पहिली आलेली मुलगी एकच, नाशिकची. राष्ट्रीय स्पर्धेला पहिला नंबर जातो. दुसऱ्याला टाळ्या मिळतात. हेमाली अठ्ठावीसची झाली होती आणि तिचा डावा गुडघा पुढच्या वर्षाची हमी द्यायला तयार नव्हता. जायचं तर याच वर्षी.

सरांनी तोडगा काढला. बावन्नच्या गटात उतरायचं. तिथे नाशिकची नाही.

हेमालीचं खरं वजन एकोणसाठ. सत्तावन्नवर यायलाच तिला दरवेळी घाम गाळावा लागे. आता ती काकडीवर जगू लागली आणि भर उन्हात प्लास्टिकचं जाकीट घालून किनाऱ्यावर धावू लागली. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत असायचे. बायका म्हणायच्या, चंद्रकांताचा माल यंदा स्वतःहून फेऱ्या मारतो.

महिन्याभराने एका सकाळी आईच्या डोक्यावर मासळीची पाटी चढवायला तिला दोनदा जोर लावावा लागला. चंद्रकांताने पाटी खाली ठेवली, लेकीला काखेत धरून वीतभर उचललं आणि परत जमिनीवर ठेवलं. बाजारात लोक काट्याशी भांडत, चंद्रकांताच्या हाताशी कोणी भांडत नसे.

"चोपन्न," ती म्हणाली. "आन् त्यातला जोर गेला. सुका बोंबील झालीस, बाय. टिकशील वरीसभर. पन लढशील कोनाशी?"

हेमालीने वाळूत बसून तिला सगळं सांगितलं. नाशिकची, सरांचा तोडगा, गुडघा. चंद्रकांताने ऐकून घेतलं.

"आन् वरच्या गटात कोन हाय?"

"त्रेसष्टच्या पोरी. जड असतात, आये."

"जड पाटी तू कवा उचलली नाय?"

नाशिकची त्रेसष्टमध्येही नव्हती. तिला टाळायला वरही जाता येतं, हे पंधरा वर्षांत शेडमधल्या कोणाला सुचलं नव्हतं. हेमालीने अंगावरची वाळू झटकली. मग घरात जाऊन ताट घेऊन बसली.

"आये, वाढ."

सर आधी वेडेपणा म्हणाले. आठवड्याने, हे आपल्याही मनात होतं, असं म्हणू लागले.

राज्याची निवड स्पर्धा पालघरलाच, कोळगावजवळच्या एका सभागृहात होती. काट्यावर एकोणसाठ किलो शंभर ग्रॅम. आईने सकाळी एकोणसाठ सांगितलं होतं. शंभर ग्रॅम चहाचे. बाकीच्या साऱ्या बासष्टच्या पुढच्या होत्या. हेमालीने तिघींना पाडलं. अंतिम फेरीतली मुलगी तिच्याहून वीतभर उंच होती आणि तिने पहिल्याच मिनिटात हेमालीला खांद्यावर घेतलं. पण बाही सुटली नाही. दोघी एकत्रच खाली आल्या, हेमाली वर होती आणि तिने समोरचीची पाठ मॅटला टेकवली. वीस सेकंद दाबून धरायचं असतं. खालची मुलगी कमानीसारखी उसळत होती, हेमाली डोळे मिटून दोर धरल्यासारखी पडून होती. घंटा वाजली तरी तिची बोटं सोडवायला पंचांना वाकावं लागलं.

चंद्रकांता मासळी विकून परस्पर आली होती. रिकामी पाटी मांडीवर घेऊन ती शेवटच्या रांगेत बसली होती.

"येवढा येळ धरून काय बसलीस?" ती म्हणाली. "तेवढ्यात लिलाव संपतो आमचा."

घरी जाताना रिक्षात तिने विचारलं, आता पुढे मोठ्या स्पर्धेला किती वजनाच्या पोरी असणार. त्रेसष्टच्याच, हेमाली म्हणाली. चंद्रकांताने तिला खालून वर एकदा पाहिलं, बाजारात पापलेट बघतात तसं.

"मंग अजून चार किलोची जागा हाय," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला तांदळाच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबायला सांगितलं.