ट्रॅक्टरवरून उतरलेला पहिलवान

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच — त्याला ठाऊकच असेल, मग कशाला उगाच आठवण करून द्यायची? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. नसाल अशी आशा आहे.

मी पहिलवान होतो. म्हणजे — होतो, असं सगळे म्हणतात. बपेऱ्याच्या आसपासच्या गावांत अजूनही मला त्याच नावाने हाक मारतात आणि मीही बेशरमासारखा ओ देतो. माझ्या कुस्त्या फारशा कोणाला आठवत नाहीत. आठवायला त्या टिकत कुठे होत्या? पण माझं मैदानात येणं! ते मात्र लोक आजही रंगवून सांगतात.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडई म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. बाकीचे पहिलवान पिशवीत लंगोट घालून सायकलीवर येत. मी टीव्हीवर परदेशातले कुस्तीगीर पाहिले होते — धूर, दिवे, गाणं, अंगात चमकणारा झगा. म्हटलं, आपल्यात काय कमी आहे? तुमसरच्या बाजारातून पिवळं चमकीचं कापड आणलं आणि दंडारीच्या नाटकातल्या राजाचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडून झगा शिवून घेतला. पाठीवर वाघ काढायला सांगितला होता. त्याने काढला तो मांजराच्या जवळपास जाणारा प्राणी होता, पण लांबून चालून जायचं. धुरासाठी घमेल्यात धानाचं ओलं तणस पेटवायचो. पहिल्या वर्षी अर्धं मैदान खोकत होतं, आणि सरपंचांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते माझ्यावरच्या प्रेमाने आलं, असं मी पुढे वर्षभर सांगत फिरलो.

आणि ट्रॅक्टर. ट्रॅक्टर हेमराजचा.

हेमराज माझा लहानपणापासूनचा दोस्त. सरळ माणूस. इतका सरळ की कधी कधी त्याचा राग येतो. बोनेटवर पाण्याने भरलेला लोटा ठेवला तरी थेंब सांडणार नाही, असा ट्रॅक्टर चालवायचा. आसपासच्या गावांत नवरी सासरी पाठवायची तर हेमराजच्याच ट्रॅक्टरवर, असा तेव्हा रिवाज होता. लोक तारीख ठरवायच्या आधी त्याला विचारत. त्याला दुसरं कसलं वेड नव्हतं, एवढाच त्याचा अभिमान.

तर — सांगतोच आता. किती वेळ झग्याच्या मागे लपू?

त्या वर्षी माझी कुस्ती नदीपलीकडून, बालाघाटच्या बाजूने आलेल्या एका पोराशी लागली होती. इनामाला पाणी भरायचा पितळेचा मोठा गुंड होता. मी बोनेटवर उभा, डोळ्यांना काळा चष्मा, मागे तणसाचा धूर, डीजे दणाणतोय, बाया झेंडूच्या पाकळ्या उधळताहेत. आणि समोर तो पोरगा. त्याने शर्ट काढला. घडी केली. चपला काढून एकमेकींना लावून नीट ठेवल्या. मग माझ्याकडे पाहत शांतपणे उभा राहिला. बस, एवढंच. मांडी नाही ठोकली, काही नाही. इतक्या शांतपणे चपला लावणारा माणूस तुम्ही कधी समोर पाहिलाय? हा मला उचलून आपटणार, आणि हे सगळं — वाघ, धूर, पाकळ्या — उद्यापासून लोकांना हसायला होणार, हे मला चष्म्यातूनही स्वच्छ दिसलं.

हेमराजने नेहमीसारखा ट्रॅक्टर अलगद थांबवला. मी नेहमीसारखी उडी मारली. माती भुसभुशीत होती, कापसावर पडावं तसा पडलो. कुठे काही लागलं नाही. आणि मी डावा पाय धरून बोंबललो.

खरं सांगतो, मला फक्त घरी जायचं होतं. दुसऱ्या कोणाचं नाव मी घेतलं नाही. पण गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काहून बिरेक मारला बे हेमराज?" सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. हेमराजने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला एक शब्द बोलायचा होता. 'नाही' एवढाच. मी काय केलं? मी आणखी जोरात विव्हळलो.

तो नदीपलीकडचा पोरगा वाकला, माझा घोटा दोन बोटांनी चाचपला. पहिलवानच तो, त्याला हाडांचं कळत होतं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आराम करो, भैया." गुंड घ्यायला मात्र तयार झाला नाही. न लढता कसा घेऊ म्हणाला, शर्ट घातला आणि निघून गेला. मग पंचांनी तो गुंड कोणाला द्यावा? मला दिला. माझ्या जिद्दीला! अजून घरी आहे. रोज सकाळी त्यातल्याच पाण्याने मी अंघोळ करतो.

आणि हेमराज? त्याने माणसं बसवून ट्रॅक्टर चालवणं सोडलं. नांगरणी करतो, धान मिलवर नेतो, पण नवरी नाही. लोकांनी आधी चिडवलं, मग बोलावणंच बंद केलं. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्या लेकीचं लग्न झालं. पाठवणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. बाप मागून पायी चालत होता. मी ट्रॅक्टरवर बसलो होतो, कारण माझा पाय अधू ना!

दरवर्षी मंडईच्या दिवशी तो मोहाच्या बियांचं तेल कोमट करून आणतो आणि माझा पाय चोळून देतो. मी नको म्हणतो. फार जोरात म्हणत नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

यंदा मंडईत माझा सत्कार ठेवला. जुना पहिलवान म्हणून. पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा डीजे, पाकळ्या. पोरांनी हेमराजला स्टेअरिंगवर बसायला सांगितलं, तर त्याने हात जोडले. तो ट्रॅक्टरच्या पुढे चालत राहिला, रस्त्यातले दगड पायाने बाजूला सारत, ड्रायव्हरला सांगत — "धीरे गा, धीरे." मी वरून सगळं पाहत होतो. हात हलवत होतो. उतरताना चौघांनी धरलं, आणि मी लंगडत स्टेजवर गेलो.

संध्याकाळी तो तेलाची वाटी घेऊन आला. खाली बसला. वाटी हातातच. मग म्हणाला, "पहिलवान, तू आज उजव्या पायानं लंगडून राहिला होता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सत्काराच्या धांदलीत, मी कोणता पाय तेच विसरलो होतो! आता संपलं, म्हटलं. आणि तुम्हाला पटणार नाही, पण मला हलकं वाटलं. आता हा शिव्या देईल, वाटी फेकून मारेल, उद्या पुन्हा कोणाची तरी नवरी नेईल. मी वाट पाहिली. स्वतःहून तोंड मात्र उघडलं नाही.

हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं. "डाव्यावर भार देता येत नाई न तुले," तो म्हणाला, "म्हून आता उजवाबी गेला. तोबी माह्यामुळंच गा."

त्याने माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि चोळला. नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळला. मग वाटीत पुन्हा बोटं बुडवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उजवा पाय पुढे केला.