सासऱ्यांचा सांधा

अख्ख्या मुंबईत पाणी ज्याला घाबरतं असा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो माझा सासरा आहे. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. कंपनीच्या मेन्टेनन्स खात्यात जन्म काढलेले आमचे सासरे नाहूरमधल्या नातेवाइकांच्या मोऱ्यांत जायचे. सत्यनारायणाला बोलावलं तरी आधी सिंकखाली डोकं, मग तीर्थप्रसाद. प्लॅस्टिकचा पाइप एल्बोला, म्हणजे काटकोनी वळणाच्या तुकड्याला, चिकटवणं हे त्यांच्या लेखी सोयरीक जुळवण्याइतकं जोखमीचं काम. खरं सांगतो, माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

पाइप करवतीनं सरळ कापायचा, कड कानशीनं मोडायची, आतबाहेर पुसून आधी कोरडाच बसवून बघायचा, पेन्सिलीनं खूण करायची, आणि मग दोन्हीकडे सोल्युशनचा, म्हणजे त्या उग्र वासाच्या गोंदाचा, पातळ हात. जाड थर देणाऱ्या प्लंबरला ते तोंडावर विचारायचे, "भाकरीक लोणी लावतस काय रे?" मग पाइप आत सारून पाव वळसा, आणि घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. किती वेळ? घड्याळबिड्याळ काही नाही. आपल्या कोकणातल्या वाडीतली घरं ते वरच्या टोकापासून मोठ्यानं म्हणायचे, सुताराचं, मास्तरांचं, आंब्याखालचं... शेवटी स्वतःचं घर आलं की हात सोडायचा. एकदा सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अहो, सुताराचं घर पडलं ना!" झालं! पडलेलं घर मोजायचं की नाही यावर दोघांचं जुंपलं आणि सांधा दहा मिनिटं धरलेलाच. तो आजही गळत नाही.

त्यानंतर चोवीस तास नळ बंद, घरातल्यांनी कितीही बोटं मोडली तरी. आणि सांध्याशेजारी पेन्सिलीनं तारीख आणि सही. "गळलो तर माणसान माका शोधीत येवक व्हया," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं कायमचं गावी जायचं ठरलं, सामान बांधून झालं, आणि त्याच आठवड्यात आमच्या सिंकखालचा एल्बो गळायला लागला. तो मी महिन्यापूर्वी त्यांना न सांगता एका प्लंबरकडून बसवून घेतला होता. पठ्ठ्यानं दहा मिनिटांत पाणी सोडलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींनी आपलं स्वयंपाकघर हलवून तिथे खोली केलेली. रविवारी त्यांच्या नातीचं बारसं, छत नुकतं रंगवलेलं, आणि ओल आली ती नेमकी पाळण्याच्या जागेवर. वाट लागली!

शनिवारी सकाळीच सासरे आले. गळका तुकडा कापून काढला, नवा पाइप पुसून घेतला, सोल्युशनचा ब्रश उचलला, तर हात थरथरायला लागला. हे दुखणं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ब्रश डबीत ठेवून हळूच म्हणाले, "जावयबापू, आता तुमी."

मी? अहो, मी हातोडी घेतली की बायको आधी मलमपट्टी काढून ठेवते! पण सिंकखाली अडकलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. लावलं, सारलं, पाव वळसा दिला, धरलं. माझ्या मुठीवर त्यांची मूठ. वाडी सुरू झाली. सुताराच्या पडक्या घरासकट त्यांनी एकही घर सोडलं नाही. शेवटी स्वतःचं घर आलं. "आणि ह्या आमचा," ते म्हणाले. "सोडा आता."

मला सोडवेना.

रविवारी नळ उघडून सांध्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही दोघं तिथेच मांडी घालून बसलो. खाली बाळाचं नाव ठेवून झालं, पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या, तरी कागद कोरडा. सासऱ्यांनी कानामागची पेन्सिल काढली, सांध्याशेजारी तारीख घातली आणि तिच्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'जावई'.

ते गावी गेले त्याला वर्ष झालं. फोनवर आधी सांध्याची चौकशी होते, मग लेकीची. "नाही गळत," मी सांगतो. बघायची खरं तर गरजच नसते. तरी काहीतरी निमित्त काढून मी सिंकखाली वाकतो, आणि ती पेन्सिल पुसट तर होत नाही ना, एवढं बघून येतो.