बोटुकलेमामांची लांबची खेप

बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. बोटुकलेमामा स्वतः मात्र इतके उंच, की कुठल्याही दारातून आत शिरताना त्यांना मान तुकवावी लागे. नाव पडलं ते धंद्यावरून. उभा जन्म त्यांनी माशांची पिल्लं वाढवण्यात घालवला होता. आधी दुसऱ्याच्या मत्स्यबीज केंद्रात टाक्या घासत, मग तिथलेच मुकादम म्हणून, आणि मालकाने गाशा गुंडाळल्यावर तीच तळी भाड्याने घेऊन. मामी पहिल्यापासून बरोबरीने राबायच्या. पिल्लं चाळणीतून गाळून लहानमोठी वेगळी करणं, खाद्य टाकणं, तळ्याच्या काठावर उकिडवं बसून पाण्याचा रंग बघणं, हे त्यांचं काम. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि पिल्लं पोचती करणं हे मामांचं. बोलायला मामा पटाईत. मामी म्हणायच्या, "हे मासे विकत नाहीत, गप्पा विकतात. मासे वर फुकट देतात."

पण गेल्या काही वर्षांत गप्पांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. एका मोठ्या कंपनीने थंड टाक्यांचे ट्रक आणले होते. फोन केला की ट्रक दारात. मामांची जुनी डिझेलची गाडी धापा टाकत जायची, आणि एके दिवशी रस्त्यातच तिने कायमचा राम म्हटला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. मामा समजले.

अशा वेळी मामींचा धाकटा भाऊ मदतीला धावला. त्याला परदेशात नोकरी लागली होती. त्याची विजेवर चालणारी मोठी गाडी दारात नुसती उभी राहणार होती.

"भावोजी, तुम्ही वापरा," तो म्हणाला. "मागे हूक बसवून घेतलेला आहे. तुमचा टाकीचा ट्रेलर आरामात ओढेल."

"पाण्याने भरलेला ओढेल?"

"जोर भरपूर आहे तिच्यात. फक्त एक लक्षात ठेवा. एकटी असताना ती एका चार्जमध्ये चारशेच्या वर जाते. ट्रेलर लावला की निम्मी धरा. चढ असला, समोरून वारा असला, तर निम्म्याहून कमी."

"निम्मी तर निम्मी. आपल्याला कुठे चंद्रावर जायचंय?"

मामींना गाडी पहिल्या दिवसापासून पटली नाही. "आवाजच येत नाही हिचा. जिवंत आहे की मेली, कळायचं कसं माणसाला?"

मामा मात्र त्या गाडीवर जीव टाकू लागले. तिला धूर नव्हता, हादरे नव्हते. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा पंप थेट गाडीच्या विजेवर चालायचा, त्यासाठी वेगळी बॅटरी वाहायला नको. जवळपासच्या खेपांमध्ये पिल्लं अशी टवटवीत उतरायची, की जणू तळ्यातून निघालीच नव्हती. तो हंगाम बरा गेला. संध्याकाळी मामा गाडी पुसता पुसता तिच्याशी बोलायचे. मामी खिडकीतून बघायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या.

मग तो फोन आला. लांबच्या एका तलावावर मच्छीमारांची संस्था होती, तिच्या अध्यक्षबाई बोलत होत्या. कुठल्याशा कारखान्याचं पाणी तलावात शिरलं होतं आणि एकूण एक मासा मेला होता. आता पाणी निवळलं होतं, तपासणी झाली होती, आणि तलाव पुन्हा माशांनी भरायचा होता.

"तुमची पिल्लं काटक असतात असं ऐकलंय," बाई म्हणाल्या. "या खेपेची जगली, तर दर वर्षी तुमच्याकडूनच घेऊ."

मामांनी फोन ठेवला आणि बराच वेळ तळ्याच्या काठावर फेऱ्या मारल्या. दर वर्षीचं गिऱ्हाईक म्हणजे तळी टिकली, काम टिकलं. अंतर मोठं होतं, ट्रेलरसह एका चार्जमध्ये न होणारं. पण निम्म्या वाटेच्या जरा पुढे एक चार्जिंग स्टेशन होतं. फोनवर तिथे दोन चार्जर दिसत होते, दोन्ही चालू.

"एकदा नुसतेच जाऊन बघून या ना," मामी म्हणाल्या. "जागा कशी आहे, ट्रेलर उभा राहतो की नाही."

"अगं, त्यात एक दिवस मोडेल. दोन-दोन चार्जर आहेत. एक नाही तर दुसरा."

"मग मीही येते."

पिल्लं आदल्या दिवशी उपाशी ठेवली, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. उजाडता उजाडता मामींनी स्वतःच्या हाताने ती टाकीत सोडली. प्रवासाचा ताण कमी व्हावा म्हणून पाण्यात थोडं मीठ टाकलं. अडीअडचणीला म्हणून ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर मागे बांधला, आणि दोघं निघाली.

पहिला तास मामा शीळ घालत होते. मग सपाट रस्ता संपला, मोकळं माळरान लागलं, आणि समोरून वारा सुटला. टाकीचा चौकोनी तोंडवळा वाऱ्याला भिंतीसारखा आडवा येत होता. गाडीला कसलाच त्रास दिसत नव्हता. ती निमूट ओढत होती. पण समोरच्या पडद्यावरचा आकडा रस्त्यापेक्षा भराभर उतरत चालला होता.

मामींनी तो पाहिला. मामांनी एसी बंद केला. काचा उघडाव्यात तर वारा आत शिरून गाडी आणखी अडवणार, म्हणून त्या बंदच ठेवल्या. दोघं घामाने निथळू लागली. मामांनी वेग कमी केला, आणखी कमी केला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत, बाजूने जाताना शिव्या देत.

"मागे फिरू या का?" मामींनी विचारलं. "आता फिरलो तर वारा पाठीमागून लागेल. पोचू घरी."

मामा गाडी हाकत राहिले. पुढे चढ लागला. चढाच्या मध्यावर मामी पुन्हा म्हणाल्या, "अहो, मी काय म्हणते..."

"ऐकलं मी. परत गेलो तर त्यांना काय सांगू? वारा होता म्हणून?"

स्टेशन आलं तेव्हा गाडीत नावापुरता जीव उरला होता. नाव मोठं, पण जागा म्हणजे रस्त्याकडेचं एक डांबरी अंगण. दोन चार्जर, वर पत्र्याची चिंचोळी शेड, थंड पेयांचं एक यंत्र, आणि माणूस कोणी नाही. एका चार्जरचा पडदा काळा पडला होता. दुसऱ्यावर एक पांढरी गाडी लागलेली, आणि आत चालक सीट मागे करून झोपलेला.

मामांनी काच वाजवली. चालकाने डोळे चोळत काच खाली केली.

"साहेब, जरा लवकर सोडाल का? माझ्या टाकीत जिवंत मासे आहेत."

"मलाही लांब जायचंय हो," तो माणूस म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. "पुढे कुठेही चार्जर नाही. भरल्याशिवाय निघालो तर मी अडकेन."

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मामा माघारी आले. तेवढ्यात दुसरी अडचण ध्यानात आली. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची होती, आणि मागे ट्रेलर असताना ती तिथवर पोचतच नव्हती. मामांनी पुढे घेतली, मागे घेतली, तिरकी घातली. बंद चार्जरची तेवढीच लांब केबल ओढून मोजली, तर हातभर कमी पडत होती. ट्रेलर सोडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि ट्रेलर सोडवला की पंपाची वायर निघणार.

"निघू दे," मामी म्हणाल्या. "तसाही पंप गाडीतली उरलीसुरली वीज खातोय. सिलिंडर आहे ना."

त्यांनी चाकांखाली दगड लावले, हूक काढला, वायर काढली. बुडबुड्यांचा आवाज थांबला. मामांनी सिलिंडरची नळी पाण्यात सोडली. ट्रेलर भर उन्हात अंगणाच्या मधोमध उभा होता आणि पाण्याच्या वजनामुळे दोघांनी खांदे लावूनही तसूभर हलत नव्हता. मामींनी डोक्यावरची ओढणी आणि सीटवरची चादर भिजवून टाकीवर घातली. मग पेयांच्या यंत्रामागे जाऊन त्यांनी त्याचं बटण बंद केलं आणि प्लग उपसला.

"पंप इथे लावा."

"तो गाडीच्या विजेवरचा आहे गं. या विजेवर लावला तर जळून जाईल."

मामी प्लग हातात धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग तो पुन्हा लावून परत आल्या.

ऊन चढत गेलं. अखेर पांढऱ्या गाडीचा चालक पाय मोकळे करायला उतरला. टाकीजवळ आला, आत डोकावला. पिल्लं वर आली होती. शेकडो इवलीशी तोंडं पाण्याबाहेर येऊन हवा गिळत होती. तो काही वेळ बघत राहिला आणि मग तडक जाऊन त्याने आपली केबल काढली.

"घ्या. माझं मी बघतो," तो म्हणाला. "मला आधी कळलं नाही हो."

मामांनी हात जोडले. गाडी लावली. पण चार्जर रखडत चालत होता. एकेक आकडा चढायला जणू युग लागत होतं. सिलिंडर संपत आला. मामींनी तांब्या घेतला. टाकीतलं पाणी उपसायचं, वर उंच धरायचं, धार सोडायची, म्हणजे पाण्यात थोडी हवा मिसळते. उपसायचं, सोडायचं. मामांनी दुसरा तांब्या घेतला. दोघांचेही खांदे भरून आले. एकदा मामींच्या तांब्यात एक पिल्लू आलं, उलटं, पांढऱ्या पोटाचं. त्यांनी ते काढून डांबरावर ठेवलं. थोड्या वेळाने त्या अशी पिल्लं बाजूला ठेवायच्याही थांबल्या, कारण मग पाणी उपसायला हात मोकळे राहत नव्हते.

पोचण्यापुरतं, जेमतेम, चार्ज झालं तसं मामांनी ट्रेलर जोडला. पंप पुन्हा बुडबुडू लागला. उरलेला रस्ता त्यांनी बैलगाडीच्या गतीने कापला.

तलावाच्या काठावर माणसं जमली होती. अध्यक्षबाई पुढे आल्या. ठेंगण्या, हातांना जाळी ओढून घट्टे पडलेल्या बाई. मामांनी टाकीचं झाकण उघडलं आणि स्वतः आत बघितलं नाही. बाईंनी बघितलं.

"वाटेत काय झालं?"

बोलण्यात पटाईत असलेले मामा झाकणाची कडी चाचपत राहिले. मामीच म्हणाल्या, "गाडी पुरली नाही."

बाईंनी मान हलवली. बोल लावला नाही. लावला असता तर मामांना बरं वाटलं असतं. टाकीत तलावाचं पाणी थोडंथोडं मिसळून मामींनी उरलेली पिल्लं हळूहळू सोडली. ती पोहत गेली नाहीत. काठाशीच, उथळ पाण्यात, घोळक्याने थबकून राहिली.

"जगतील ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"बघू," मामी म्हणाल्या. पिल्लांच्या पाठीचा रंग बघूनच त्यांना काय ते कळलं होतं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. तलावात काहीच उरलं नव्हतं. "तुमच्यावर राग नाही मामा," त्या म्हणाल्या. "पण हंगाम निघून चाललाय. लोक थांबायला तयार नाहीत. आम्ही कंपनीला सांगितलंय."

"बरोबर केलंत," मामा म्हणाले. खरंच तसं वाटून म्हणाले.

त्यानंतर मामा खेपेला गेलेच नाहीत. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं जवळचीच होती, त्यांनी बोलावलंही. पण टाकी भरायला घेतली, की मामा मध्येच नळ बंद करून घरात यायचे. मामी म्हणाल्या, "मी शिकते चालवायला." चार दिवस शिकल्याही. पण तळ्यातली पिल्लं वाढून मोठी होत चालली होती, एकमेकांना खात होती. शेवटी एका मासेवाल्याने जाळं टाकून ती सगळी नेली. मेहुण्याने परदेशातून फोन केला तेव्हा मामा म्हणाले, "गाडीचा काही दोष नाही रे. तू सांगितलं होतंस तसंच सगळं झालं." मेहुण्याचा ओळखीचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. मामी एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी वाळत घालायला जाऊ लागल्या. मामा घरी राहून स्वयंपाक शिकले, बेताचाच.

आता ते कमी बोलायचे. शेजारपाजारचे मुद्दाम थट्टा करून बघायचे, पण मामा हसून आत निघून जायचे. संध्याकाळी मामी परतल्या की दोघं चहा घ्यायची. मामींच्या हातांना साबणाचा वास यायचा.

"पाठ दुखतेय का?" मामा विचारायचे.

"नाही हो," मामी म्हणायच्या, आणि मामा पाठीला तेल लावून द्यायचे.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी कालव्याचा माणूस सायकलवरून आला. तळ्यांसमोर थांबला. तळांना भेगा पडल्या होत्या, मधून गवत उगवलं होतं.

"मामा, कधी सोडू पाणी?" त्याने दरवर्षीप्रमाणे विचारलं.

मामा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. आत मामी कामावर जायची तयारी करत होत्या. त्या थांबल्या आणि त्यांनी कान टवकारले.

"नको," मामा म्हणाले. "पुढच्यांना सोड."

तो माणूस जरा घुटमळला, मग सायकलवर बसून निघून गेला. मामींनी पिशवी खांद्याला लावली, पायात चपला सरकवल्या आणि मामांच्या हाताखालून वाकून त्या बाहेर पडल्या.