बाहेरच्या तोंडाला आतला पत्ता

धाकटीला सगळं चुटकीसरशी हवं असायचं. भाजी शिजायच्या आत चारदा झाकण उघडणारी ही बाई राउटर सांभाळण्याच्या कामात कशी टिकली, याचं घरच्यांना नवलच वाटे. पण टिकली होती खरी, आणि घरबसल्या चार-पाच दवाखान्यांचं नेट बघत होती.

त्यातल्याच एका दवाखान्यात त्या दिवशी थोरली बहीण पोट धरून पडली होती. ऑपरेशन करायचं की नाही, हे दुसऱ्या गावचे मोठे डॉक्टर स्कॅन बघून ठरवणार होते; आणि नेमका स्कॅनचा संगणक नेटवर येईना. धाकटीने घरूनच राउटरमध्ये शिरून पाहिलं. नेटवर यायचं तर प्रत्येक यंत्राला राउटरकडून पत्ता मिळावा लागतो, आणि सगळे पत्ते पेशंटच्या नातेवाइकांच्या मोबाइलांनी पटकावले होते.

उपाय सोपा होता. पत्त्यांची नवी रांग जोडायची आणि त्यांनाही बाहेर इंटरनेटवर पडताना दवाखान्याचा तोच एक सामाईक पत्ता लावून द्यायचा. काळ्या पडद्यावर ती भराभर कमांड टाइप करू लागली. घाईघाईत राउटरच्या आतल्या, दवाखान्याकडच्या तोंडाला द्यायचा पत्ता तिने बाहेरच्या, इंटरनेटकडच्या तोंडाला दिला आणि एंटर दाबलं. पडदा थिजला. ज्या वाटेने ती आत शिरली होती, तीच तिने बुजवली होती.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. मग लक्षात आलं, बदल सेव्ह कुठे केलाय! राउटर बंद करून चालू केला की तो हा सगळा उपद्व्याप विसरणार होता. तिने दवाखान्यात थोरलीजवळ बसलेल्या भावोजींना फोन लावला. भावोजी म्हणजे घरचा पंखा लावतानाही बायकोला विचारणारा माणूस.

"भावोजी, नोंदणीच्या टेबलामागे एक डबी आहे बघा, हिरवे दिवे लुकलुकतायत. तिची पिन काढा."

"मी? अगं, काही झालं म्हणजे?"

"व्हायचं ते मी करून बसलेय. काढा!"

"कुणाला विचारू का?"

"भावोजी!"

काढली बिचाऱ्यांनी. परत लावली. धाकटी नखं कुरतडत बसली. शेवटी पडद्यावर पासवर्ड मागणारी ओळ उमटली आणि तिच्या जिवात जीव आला. या खेपेला तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली, मगच एंटर दाबलं. संगणकाला पत्ता मिळाला, स्कॅन गेला.

थोड्या वेळाने भावोजींचा फोन आला. "ऑपरेशन नको म्हणाले. औषधांनी बरी होईल."

धाकटी हमसाहमशी रडायला लागली. पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि थोरलीचा आवाज आला.

"रडतेस काय, वेडे? सकाळपासून उपाशी ठेवलंय मला. डॉक्टरांना विचारू का, हेही तुझे भावोजी मलाच विचारतायत. तूच डॉक्टरांना फोन कर आणि विचार, आता काय खाऊ?"