सोमवारचं पाणी

“हात लावू नको म्हणलं ना त्या टिपाडाला.”

“आत्या, अळ्या हायत त्यात. ह्या बघा. बॅटरी मारल्याबरुबर कशा तळाला पळाल्या.”

“मला न्हाई दिसत. मोतीबिंदू हाय माझ्या डोळ्यात.”

“सुईत दोरा ववायला दिसतंय की.”

“ते येगळं. सोड म्हणते टिपाड.”

अंजलीनं टिपाड सोडलं नाही. तिच्या एका हातात बॅटरी, दुसरा हात टिपाडाच्या काठावर, आणि तोच काठ पलीकडून धरून तिची सासू भिमाबाई. मधे विटांवर तोल सांभाळून उभं केलेलं निळं प्लॅस्टिकचं टिपाड, निम्म्याच्या वर भरलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सासू-सून मिळून लग्नघरातलं भांडं उचलतायत.

“सांडायचं कसं?” भिमाबाई म्हणाली. “माझं हाय का ते पाणी?”

“मग कुणाचं हाय?”

भिमाबाईनं तोंड फिरवलं. उत्तराची गरजही नव्हती. त्या पाण्याचा माग काढतच अंजली घरी आली होती.

अंजली म्हणजे गावची आशा सेविका. सतरा वर्षं झाली. गाव वडवणीच्या अंगाला, दीड हजार वस्तीचं. गावातलं कुठलं बाळ कधी जन्मलं, कुणाच्या खोकल्याला किती दिवस झाले, कोण गोळ्या खातो आणि कोण उशीखाली ठेवतो, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. दोन जोडी चपला वर्षाला झिजवते. लोक तिला येताना बघून दार ओढून घेतात आणि ताप आला की तिचंच दार वाजवतात. दोन्हीचं तिला आता काही वाटत नाही. वाटायला अंगात उरलं पाहिजे.

गेल्या तीन महिन्यांपासून तिच्या मागे कोरडा दिवस लागला होता. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठवड्यात अळीचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा घरातलं सगळं पाणी ओतायचं, भांडी घासून उन्हात पालथी घालायची. पोस्टरवर हसऱ्या चेहऱ्याची बाई अख्खा हंडा ओतताना दाखवलेली. आणि गावात नळ यायचा बारा दिवसांनी. निम्मा श्रावण सरला तरी आभाळ कोरडंच. वडवणीच्या बैठकीत अंजली उठून म्हणालीही होती, “सर, आमच्याकडं रोजच कोरडा दिवस हाय.” सगळ्या आशा हसल्या. सरही हसले. मग तिला आणखी पन्नास पोस्टर दिले.

तिनं गावाच्या आळ्या वाटून घेतल्या. सोमवारी वरची आळी, बुधवारी मधली, शुक्रवारी आपलं भीमनगर. तीन महिने बॅटरी घेऊन ती घरोघर वाकून बघत होती. आणि गंमत अशी की भांडी खरोखर कोरडी सापडत होती. वरच्या आळीची छबुबाई तर सिमेंटचा हौद दाखवताना म्हणायची, “बघ बाई, वाकून बघ. तुझ्या डोळ्यासारखा सोच्छ.” अंजली वहीत लिहायची, निरंक. आणि तरी पंधरा दिवसांत गावातले चार जण डेंग्यूनं बीडच्या दवाखान्यात गेले. परवापासून छबुबाईची सून रोहिणी तापानं फणफणली होती. रोहिणीला सातवा महिना. आज सोमवार. सकाळीच अंजली तिला दवाखान्यात नेऊन, रक्त तपासायला देऊन, परत घरी निजवून आली होती.

तिथून निघाली आणि बॅटरीचे सेल संपले. नवे आणायला भर दुपारी घराकडं वळली, तर सिमेंटच्या रस्त्यावर थेंब. ओळीनं. ज्या गावात बाई खरकटं पाणीसुद्धा झाडाला घालते, तिथं रस्त्यावर पाणी सांडलंय? अंजली खाली बघत चालत राहिली. थेंब वरच्या आळीतून निघाले होते, मारुतीच्या पारावरून उतरले, मधल्या आळीला टाळून भीमनगरात शिरले आणि थेट तिच्या स्वतःच्या उंबऱ्यात येऊन संपले.

तेव्हा तिला सगळं उलगडलं. गावानं पाणी ओतलंच नव्हतं. पाणी ओतणं इथल्या बाईच्या हातून होतच नाही, ती दगडी पाटा उचलून फेकेल, पाणी नाही. सोमवारी वरची आळी आपलं पाणी दुसऱ्या आळीत नेऊन ठेवायची. बुधवारी मधली आळी वर. शुक्रवारच्या आत ज्याचं त्याच्या घरी. आणि पाण्याबरोबर अळ्याही हंड्यात बसून फिरत होत्या. त्यांनाही तपासणीचं वेळापत्रक पाठ झालं असेल. सबंध गावात एकच घर असं होतं, जिथं अंजलीनं कधी बॅटरी मारली नव्हती. तिचं स्वतःचं. तिथं काय बघायचं, म्हणून शुक्रवारी घरी बसल्या बसल्या ती लिहून टाकायची, निरंक.

“किती सोमवार झाले, आत्या?”

“झाले सात-आठ.”

“छबुबाई स्वतः आणती?”

“स्वतः.” भिमाबाईचा आवाज एकदम बदलला. “डोक्यावर हंडा, काखंत कळशी. दारात हुबी ऱ्हायली पयल्या दिशी. म्हणली, भिमाबाई, चार दिस ठिवती का एवढं? मी म्हणलं, ठिव की.”

“आन् तुमी आपलं पाणी घागरीत काढून टिपाड तिला मोकळं करून दिलं.”

“राखेनं घासून दिलं. नवं फडकं बांधलं.”

अंजलीनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. रागवावं इतकं बळ नव्हतं. ती पायरीवर टेकली.

“तुला न्हाई कळायचं,” भिमाबाई म्हणाली. काठावरचा हात तिनं अजून काढला नव्हता. “मी नवी नवरी व्हते, तवा हापशावर माझी घागर झाली की ही छबुबाई हापशाची तोटी धुवायची. तीनदा. मग आपला हंडा लावायची. मी हुबी ऱ्हाऊन बघायची, कावून धुती म्हणून. इचारायची बिशाद नव्हती. ती बाई आता माझ्या भांड्यात पाणी ठिवती. आपल्या पायानं येऊन. अमानत हाय ती माझ्याकडं.”

“अमानत,” अंजली म्हणाली. “गेल्या मंगळवारी आपल्याला आंघोळीला पाणी नव्हतं, तवा ह्यातलं तांब्याभर तरी घेतलं का?”

“न्हाई घेतलं. घेत असतेत व्हय अमानतीतलं?”

“बरं, मी सांडत न्हाई. दुहेरी फडक्यानं गाळून घागरीत काढते, टिपाड घासते. अळ्या तेवढ्या मरतील. पाणी थेंबभर कमी व्हायचं न्हाई.”

“तिनं जसं ठिवलं तसं तिला द्यायचं.”

“आत्या, रोहिणी सात महिन्यांची हाय. अंगात ताप हाय. गुरवारी हेच पाणी तिच्या बाजंच्या कडंला जाणार. तिच्या पोटातल्या जिवाला काय झालं, तर तुमची अमानत कुणाला पुरायची?”

भिमाबाईनं टिपाडात वाकून बघितलं. रोहिणीच्या ओटीभरणाला तिला बोलावलं नव्हतं, तरी ती मांडवाबाहेर उभी राहून आली होती. तिचा हात काठावरून जरा सैल पडला. अंजलीला वाटलं, वळतंय. आणखी एक शब्द, आणि वळेल. पण नेमका तो शब्द काही सापडेना.

इतक्यात दारात छबुबाई. हातात रिकामी बादली. अंजलीला बघून ती थबकली, मग हसली.

“आगं, तू घरी हाय व्हय? मी म्हणलं फिरतीवर असशील.”

“या, छबाक्का,” भिमाबाई लगबगीनं म्हणाली. “आत या. न्यायला आजच आलात?”

“न्हाई, हितंच बरं हाय,” छबुबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. “येक बादली दी.”

“मावशी,” अंजली पायरीवरून न उठताच म्हणाली, “तुमचा हौद सोच्छ कसा असतोय ते कळलं मला.”

“मग काय करावं माय? तू म्हणती वता. वतून खावं काय?”

“ह्यात अळ्या झाल्यात. डेंग्यूच्या. तुमच्या घरात गरवार बाई तापानं पडली हाय. हे पाणी परत नेऊ नका. नेलं तर निदान औषध टाकून न्या.”

“औषध नको. वास येतोय त्याला. म्हैस तोंड लावत न्हाई.”

अंजलीनं मान वर केली.

“म्हैस?”

“मग? म्हशीचंच तर पाणी हाय ते. हौदाचं सगळं म्हशीलाच असतंय.” छबुबाईनं बादली खाली ठेवली. “आमचं प्यायचं पाणी तर पुतण्याच्या घरी असतंय, मधल्या आळीला. हितलं आमी कावून पिऊ?”

ती काही टोचून बोलत नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती.

अंजलीनं सासूकडं बघितलं नाही. बघवेना. ती हातातल्या बॅटरीची कळ उगाच दाबत राहिली, लाव, विझव, लाव. सतरा वर्षांत तिनं लोकांना नाही नाही ते सांगितलं होतं. अहवाल वाईट आलाय, सांगितलं होतं. बाळ दगावलं, सांगितलं होतं. या क्षणी काय सांगतात, ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

भिमाबाईनं टिपाडाच्या काठावर सारलेलं फडकं काढलं. दोन्ही हातांनी झटकलं, घडी घातली, दोरीवर नीट टाकलं. मग खाली वाकली आणि टिपाडाच्या पुढच्या अंगाची वीट ओढून काढली. टिपाड डुचमळलं, क्षणभर तिरपं उभं राहिलं आणि आडवं झालं. पाणी अंगणभर पसरलं, उंबऱ्यावरून उतरलं. छबुबाईनं लुगडं वर धरून चटकन पाय मागं घेतले.

“आगं आगं,” ती म्हणाली, “काय केलं हे?”

तापलेल्या फरशीवर पाणी बघता बघता आटायला लागलं. अंजलीला त्यात बारीक वळवळ दिसत होती, मग कमी, मग नाही. तीन महिने जे पन्नास पोस्टरनं झालं नव्हतं, ते झालं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं सवयीनं वही काढली, आजच्या तारखेपुढं आपल्या घराचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

भिमाबाईनं चपला घातल्या, पदर डोक्यावरून घेतला.

“आत्या, उन्हाचं कुठं निघालात?”

भिमाबाई दाराशी गेली. छबुबाई वाटेतच उभी होती, रिकामी बादली पायाशी.

“भिमाबाई, आता म्हशीला काय पाजू मी?”

भिमाबाईनं तिच्याकडं बघितलं. बाजूला होऊन वाट द्यायची तिची चाळीस वर्षांची सवय होती. आज ती बाजूला झाली नाही. छबुबाईच्या खांद्याला खांदा घासून ती सरळ बाहेर पडली, आणि रस्त्यावर वाळत चाललेल्या थेंबांवर पाय देत वरच्या आळीच्या दिशेनं निघून गेली.